सहा, दहा, चौदा

आम्ही पाच मित्र गेली पाच वर्षं काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो आहोत. अजून चाकणसुद्धा ओलांडलेलं नाही.

दोष काजव्यांचा नाही. ते बिचारे पावसाच्या तोंडावर दरवर्षी वेळेवर येतात. झालं असं की पाच वर्षांपूर्वी आमच्यातल्या तिघांच्या घरी दोन महिन्यांच्या आत पाळणे हलले, आणि शनिवार-रविवार आमचे राहिले नाहीत. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. मग सहा, दहा, चौदा. हे आठवडे. मला स्वतःच्या लग्नाची तारीख दोनदा चुकीची सांगून झाली आहे, पण झोपेतून उठवून विचारा, सहा-दहा-चौदा बिनचूक सांगेन.

आता हे चार-चार आठवड्यांचं अंतर तिन्ही घरांत एकाच शनिवारी आलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पण मुलं आईबापांच्या मित्रांना विचारून जन्माला येत नाहीत. आमचा शनिवार मोकळा तेव्हा बंड्याच्या मुलाचा डोस, बंड्याचा मोकळा तेव्हा तिसऱ्याच्या घरी ताप. महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाचा वार ठरलेला, आणि तो नेमका आमच्या कामाचा. म्हणून शनिवारी खासगी डॉक्टर. शनिवारी सकाळी टोचलं की संध्याकाळी अंग गरम, आणि रविवारभर आम्ही नवराबायको थर्मामीटर हातात धरून एकमेकांकडे संशयाने बघत बसलेलो. बंड्याने एकदा सगळ्यांच्या तारखांचा एक्सेल तक्ता केला. सगळ्यांना मोकळा असलेला दिवस हिरवा रंगवला. अख्ख्या तिमाहीत एकच हिरवा चौकोन निघाला, आणि तो मंगळवार होता.

पेंटाव्हॅलंट नावाची ती लस. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू), असा पाच जणांचा बंदोबस्त एका सुईत. आम्हा पाच जणांना एका गाडीत बसवणं कुणाला जमलं नाही.

ती डाव्या मांडीत देतात. बाळाला धरायचं काम बापाकडे. का, ते कुणी सांगत नाही. बहुधा पुढे आयुष्यभर मुलीने कुणावर राग धरायचा हे तिथेच ठरत असावं. पहिल्या वेळी मी डोळे मिटले, तर सिस्टर म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला नाही टोचत. पाय नीट धरा." त्यानंतर मी 'चिमणी' हे तंत्र शोधून काढलं. सुई जवळ आली की खिडकीकडे बोट करून ओरडायचं, "ती बघ, चिमणी आली!" खिडकीबाहेर पार्किंग होतं. सहाव्या आठवड्यात मुलीला चिमणी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण सिस्टर मात्र दर वेळी वळून बघायच्या.

घरी आल्यावर आजीचं सुरू. "आमच्या वेळी नव्हती बाई एवढी टोचाटोची." तिच्या दंडावर देवीच्या लसीचे दोन रुपयाएवढे वण आहेत, ते पदराआड नीट झाकलेले. मी एकदा म्हटलं, आजी, देवीचा रोग गेला तो ह्या दोन वणांमुळेच ना? 1980 साली जाहीरच केलं, जगातून गेला म्हणून. तर म्हणाली, "तेच म्हणतेय. एकदाच टोचलं, रोग गेला. तुमची सारखीच चाललेली असते." ह्यावर उत्तर नसतं. निदान शनिवारी दुपारी, रडकं मूल खांद्यावर घेऊन तरी नसतं.

ह्या सगळ्या काळात मला लसीकरणाच्या वेळापत्रकाबद्दल हळूहळू आदर वाटायला लागला, आणि आमच्या टोळक्याबद्दलचा होता तोही गेला. चौदाव्या आठवड्याचा डोस मुलीला सर्दी झाली म्हणून पुढे ढकलायला मी फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, साध्या सर्दीला लस थांबवत नाहीत, घेऊन या. तरी आमची एक फेरी चुकलीच, गावी लग्न होतं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा पहिल्यापासून. तर तसंही नाही. राहिलं तिथून पुढे. मधलं अंतर वाढलं तरी आधीचे डोस फुकट जात नाहीत.

आमच्या सहलीचं उलट. एकाला शिंक आली की बेत रद्द. आणि रद्द झालेला बेत पुन्हा पहिल्यापासून सुरू: गाडी कुणाची, टेंट की हॉटेल, आणि जाताना मिसळ कुठे, ह्यावर दोन दिवस.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये तिन्ही मुलांचा पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ह्यांचा पुन्हा एक डोस, उरकला. पाच वर्षांच्या मुलीला टोचणं म्हणजे वाटाघाटी असतात. आधी एक आइस्क्रीम, मग दोन, मग 'तुला पण टोचणार का?' चिमणीला ती फसली नाही. "बाबा, तिथे पार्किंग आहे," म्हणाली.

आता पुढचं दहाव्या वर्षी, म्हणून आम्ही धीर केला. मेच्या पहिल्या शनिवारी सरावासाठी सिंहगड, आणि बरोबर चार आठवड्यांनी भंडारदरा. गडावर पाचही जण पोचलो. पिठलं-भाकरी झाली, मटक्यातलं दही झालं. तिथेच हॉटेल बुक केलं, पैसेसुद्धा भरले, आणि त्या आनंदात मी जिथे बसलो त्या बाकाला एक गंजका खिळा होता.

कुठे लागला ते विचारू नका.

खाली उतरल्यावर दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?" मी बायकोकडे बघितलं. तिला मुलीचे सगळे डोस तारीखवार पाठ आहेत. माझं कार्ड तिच्याकडे नव्हतं. वडिलांना फोन लावला, तर म्हणाले, "सायकलवरून पडलास तेव्हा. की तो तुझा भाऊ होता?" पाच मित्र तिथे उभे होते, चाळिशीला टेकलेले, एकालाही स्वतःचं सांगता येईना.

सिस्टरांनी सुई भरली. मुलगी माझा हात धरून उभी होती. एकदम खिडकीकडे बोट करून म्हणाली, "बाबा, ती बघ, चिमणी!"

मी बघितलं.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टर कागदावर लिहीत होते. "आधीची नोंद नाही, म्हणजे एकाने भागणार नाही. दुसरं बरोबर चार आठवड्यांनी. शनिवार येतोय. जमेल ना?"

मागून बंड्याने विचारलं, "हॉटेलवाला पैसे परत देतो का रे?"