सात तास बारा मिनिटं. बरं, पुढे?

झोपेत माझा श्वास अडकतो, स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात त्याला. म्हणून रोज रात्री सीपॅप लावून झोपते, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. सकाळी उठले की पहिलं काम म्हणजे त्याच्या स्क्रीनकडे बघणं. हिरवा हसरा चेहरा आणि खाली आकडा, ७ तास १२ मिनिटं. संपलं. गालावर मास्कच्या पट्ट्यांचे वळ, घसा कोरडाठाक, डोकं असं जड की हाताने उचलून मानेवर ठेवावं लागेल, आणि हा डबा माझ्याकडे बघून दात काढतोय!

अरे बाबा, रात्री झालं काय ते सांग ना! श्वास किती वेळा अडकला? हवा कुठून निसटत होती? तीन वाजता मी दचकून का उठले? नाही. याला एवढंच माहीत की मी मास्क लावला आणि ७ तास १२ मिनिटांनी काढला. मला उपचाराचं मशीन म्हणून हजेरीपुस्तक विकलंय. पोरगं रोज शाळेत जाऊन बसतं म्हणजे पास झालं का हो?

माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, एएचआय ३८ आला होता. ज्यांच्या वाट्याला हे अजून आलं नाही त्यांच्यासाठी सांगते: तासाला ३८ वेळा माझा श्वास एकतर किमान दहा सेकंद बंद पडत होता, नाहीतर अर्धामुर्धा चालत होता. ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेला की गंभीर. सात तासांचा हिशोब केला तर अडीचशेच्या वर जातो. त्या एका रात्री माझ्या डोक्यापासून पायापर्यंत इतक्या वायरी चिकटवल्या होत्या की बुबुळ हललं तरी कागदावर उमटत होतं. आणि त्यानंतर वर्षानुवर्षं रोज रात्री नाकाला लावायचं जे मशीन हातात दिलं, ते मुकं!

बरं, याला कळत नाही असंही नाही. हवेचा दाब १० वर ठेवायचा तर आत दाब मोजायलाच हवा. मी मास्क काढला की त्याला लगेच समजतं, त्याशिवाय तास कसे मोजले असते? म्हणजे रात्रभर माझ्या नाकाशी बसून सगळं ऐकतंय आणि सकाळी तोंडावर बोट.

या तासांचं एवढं कौतुक कोणाला, तर पैसे भरणाऱ्याला. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचं माप सगळ्यांना पाठ असतं: रात्री किमान ४ तास, ७० टक्के रात्री. पेशंट मशीन वापरतो की कपाटात टाकून देतो, हे तपासायला ठीक आहे. पण मी वापरतेय हो! इमानेइतबारे वापरतेय! आणि तरी दुपारी दोन वाजता मीटिंगमध्ये माझी हनुवटी छातीला टेकतेय, त्याचं काय?

विकणाऱ्याला फोन लावला. जसा झाला तसा सांगते.

"मॅडम, रिडिंग किती दाखवतंय?"

"सात तास बारा मिनिटं."

"मग मस्तच की!"

"अहो, पण मला दिवसभर झोप येते. एएचआय किती येतोय ते कुठे दिसतं?"

"ते तुमच्या मॉडेलला नाही मॅडम. आणि तुम्हाला कशाला पाहिजे? ते डॉक्टरांचं काम असतं. उगाच आकडे बघून टेन्शन येतं लोकांना."

उगाच! माझा श्वास, माझं नाक, माझा घसा, आणि आकडे बघितले की मला टेन्शन येणार! न बघता जे येतंय ते काय आहे मग? शिवाय, डॉक्टरांचं काम म्हणतोस, तर डॉक्टरांना तरी काय दिसणार होतं? मी मशीनचं मेमरी कार्ड घेऊन गेले होते त्यांच्याकडे. उघडलं तर आत तासांची यादी. त्यांनी ती खालीवर केली, "वापर चांगला आहे" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांचाही दोष म्हणवत नाही. हजेरीपुस्तकात मार्क कुठून शोधणार?

मग त्या विकणाऱ्यानेच तोडगा काढला. डॉक्टरांना विचारलं म्हणे, आणि १० चा दाब १२ केला. कशाच्या आधारावर? मी "झोप येते" म्हणाले, त्या आधारावर! इथे माझं डोकं खरं फिरलं. श्वास बंद पडायचे प्रकार निदान दोन. एकात घशाची वाट मिटते, तिथे दाब वाढवला की वाट उघडी राहते. दुसऱ्यात वाट उघडीच असते, पण मेंदू श्वास घ्यायचा निरोपच पाठवत नाही. तिथे दाब वाढवून फायदा नाही, काही जणांचं उलट बिघडतं. नीट नोंद ठेवणारी मशीन्स हवेचे बारीक हेलकावे सोडून वाट उघडी आहे की मिटलेली हे ताडतात आणि दोन्ही वेगवेगळं मांडतात. माझ्या डब्याने काय मांडलं? हसरा चेहरा.

दाब वाढवल्यावर तर नवरा म्हणायला लागला, "पहाटे तुझ्या तोंडातून फुगा सोडल्यासारखा आवाज येतो." घ्या! फुकटात बसवलेला हा सेन्सर त्या मशीनपेक्षा जास्त माहिती देतो.

१९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हनने हा उपचार पहिल्यांदा मांडला तो पाच पेशंटांवर. पण त्या पाचांच्या झोपेची आणि श्वासाची नोंद ठेवली होती, म्हणून तर कळलं की इलाज लागू पडतोय. इतक्या वर्षांनी माझ्या उशाशी बसलेलं यंत्र म्हणतं, मजेत झोपलात हो!

चूक माझीही झाली, कबूल. घेताना मी विचारलं होतं, "डेटा येतो का?" तो म्हणाला, "येतो ना." खोटं नव्हतं ते. तास हाही डेटाच. खोक्यावरही तसंच छापलेलं, आणि शेजारी ठेवलेलं दुसरं मॉडेल दिसायला अगदी जुळा भाऊ. तेव्हा कोणी घेणार असाल तर "डेटा" हा शब्द तोंडातून काढूच नका. सरळ विचारा: श्वासाचा आलेख रात्रभर कार्डवर उतरतो का? मास्कमधून किंवा तोंडातून होणारी हवेची गळती दिसते का? बंद पडलेला प्रत्येक श्वास वेळेसकट दिसतो का? मशीनच्या नोंदी उघडून दाखवणारं ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हे मॉडेल पूर्ण उघडतं का? समोरचा "हो हो, सगळं येतं" म्हणाला तर तिथेच कार्ड काढून उघडून दाखवायला लावा.

अकरा आठवडे भांडले. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली, वर फरकाचे पैसे भरले, तेव्हा दुसरं मशीन आलं. मी खूश. नऊ रात्री झोपले, दहाव्या सकाळी कार्ड काढायला गेले तर खाचेत कार्डच नाही! तपशिलाचा आलेख फक्त कार्डवर उतरतो, आत राहतो तो नुसता गोषवारा. "कार्ड कुठे आहे?" विचारलं तर उत्तर आलं, "कोणी मागत नाही मॅडम, म्हणून आम्ही काढून ठेवतो." काढून ठेवतो!

घरातल्या जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करून खुपसलं आणि झोपले.

सकाळी लॅपटॉपवर उघडलं. अडीच वाजेपर्यंत रेष शहाण्यासारखी. मग दोन चाळीसला गळतीची रेष जी उसळली ती सहापर्यंत खाली आलीच नाही. तोंड उघडत होतं, नाकातून दिलेली हवा तोंडातून बाहेर. त्याखाली बंद पडलेल्या श्वासांच्या खुणा, कंगव्याच्या दातांसारख्या. एएचआय १६, आणि एवढ्या गळतीत मशीनची मोजणीही डळमळते म्हणतात, तेव्हा खरा आकडा देवाला माहीत. म्हणजे त्या दोनने वाढवलेल्या दाबाने कदाचित गळतीलाच हातभार लावला होता. मास्क बदलायला हवा होता. अकरा आठवडे!

स्क्रीनचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन.

"मॅडम, हे नवीन मशीन आपण परत पाठवून चेक करून घेऊ. आधीच्यावर तर तुमचं सगळं नॉर्मल येत होतं."