‘ग्राफ वाचता येत नाही’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, मी मागच्या लेखात एवढंच म्हटलं होतं की समुद्र वाढतोय, वादळं वाढतायत, तर मुंबईच्या किनाऱ्याचं काय करायचं हे ठरवताना कोळीवाड्यातल्या लोकांनाही बोलवा. एक चूक मान्य, मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन (हवामान बदलाला तोंड द्यायचा महापालिकेचा आराखडा) मार्च 2022 मध्ये आला, मी 2021 लिहिलं होतं, दुरुस्त केलंय. पण "मॅडम, हा सायन्सचा विषय आहे, ज्यांना ग्राफ वाचता येत नाही त्यांच्याशी काय चर्चा करणार" हे त्या लेखावरच्या प्रतिक्रियेतलं तुमचं वाक्य वाचून डोकंच फिरलं. ही काय बोलायची पद्धत झाली? एखाद्या म्हाताऱ्या कोळणीसमोर उभं राहून हे बोलाल का तुम्ही?

माझी आजी अंगठेबहाद्दर. पण तिथी सांगितली की पाणी सांगायची, अष्टमीला भांग म्हणजे कमी भरती-ओहोटी, अवस-पुनवेला उधाण, खडक किती वाजता उघडे पडतील तेसुद्धा, आणि त्या हिशोबाने पाटी घेऊन कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला निघायची. मी मागे मागे, पाय सोलवटून निघायचे माझे. कालवं कमी व्हायला लागली हे मला पहिल्यांदा तिने सांगितलं, कुठल्या रिपोर्टने नाही.

कोस्टल रोडचंच घ्या. वरळीला पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठेवलं होतं, कागदावर बोट आरामात जाते. तिथल्याच क्लीव्हलँड बंदरातून रोज बाहेर पडणारे कोळी सांगत होते की वारा आणि पाण्याची ओढ असली की बोट सरळ रेषेत जात नाही, खांबावर आदळेल. कोणी ऐकेना, शेवटी त्यांनी काम अडवलं, तेव्हा कुठे डिसेंबर 2022 मध्ये 120 मीटर मान्य झालं. हे आधीच विचारलं असतं तर? यांना कुठला ग्राफ वाचायचा राहिला होता सांगा.

बारीक आसाच्या (छोट्या भोकांच्या) जाळ्यांनी कोळीच मासे संपवतात वगैरे जे तुम्ही लिहिलंय तो वेगळा विषय आहे, त्यात मी आत्ता पडत नाही.

आणि बैठकांना "बोलावतातच की सगळ्यांना" म्हणे तुम्ही. किनाऱ्यावरच्या अशाच एका बैठकीला मी आईला घेऊन गेले होते. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, आई शेवटच्या रांगेत, माइक तिच्यापर्यंत येईस्तोवर चहा-बिस्किटं सुरू झाली. भराव टाकून खडक बुजवले तर कालवं काढणाऱ्या बायकांनी जायचं कुठे, एवढंच तिला विचारायचं होतं. ते तिने परत येताना बसमध्ये मला विचारलं. तुमच्याकडे उत्तर असेल तर खाली लिहा, मी तिला वाचून दाखवेन, फक्त जरा नीट भाषेत लिहा.