मातीवर माती

आज 5 डिसेंबर, जागतिक मृदा दिन. सकाळपासून ओंजळीत माती धरलेले फोटो येतायत. त्यातला एक इथल्या, गोव्यातल्या आमच्याच वाड्यावरच्या गृहस्थांचा. यांनीच गेल्या मे महिन्यात डोंगर कापून आणलेली तांबडी माती टिपरांनी भाताच्या शेतात ओतली. भराव म्हणे. आता तिथे प्लॉट पडतील.

2020 साली मृदाशास्त्रज्ञ डॉ. रतन लाल यांना वर्ल्ड फूड प्राइझ, म्हणजे अन्नाच्या कामासाठीचा जागतिक पुरस्कार, मिळाला तेव्हाही असाच आनंदीआनंद होता. आपला माणूस, अडीच लाख डॉलर! हा पुरस्कार 1987 साली सर्वांत आधी मिळाला तो एम. एस. स्वामीनाथन यांना, म्हणजे बियाण्याच्या कामाला. मातीच्या शास्त्रज्ञाचा नंबर लागायला पुढे 15 वर्षं गेली (2002, पेद्रो सांचेझ), आणि लाल यांचा लागायला 33.

आणि लाल सांगतात काय? फाळणीत घरदार सोडून आलेल्या शेतकरी कुटुंबातला हा माणूस. नायजेरियात इबादानला काम करताना त्यांनी पाहिलं, की जंगल साफ करून नांगरलेली जमीन पावसाबरोबर वाहून जाते. म्हणून नांगरट कमी करा, पेंढा-पाला शेतातच राहू द्या, जमीन उघडी टाकू नका. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन, वाढला की माती पाणी धरते, पीक सुधारतं, हवेतला कार्बनही जमिनीत मुरतो.

आमची आजी सरदचं, म्हणजे पावसाळी भात कापलं की उरलेल्या ओलीवर अळसांदे (चवळी), कुळीथ पेरायची. जमीन झाकलेली राहायची. (पूर्वज मृदाशास्त्रज्ञ होते वगैरे मी म्हणणार नाही. कुमेरीसाठी, म्हणजे झाडं तोडून-जाळून करायच्या फिरत्या शेतीसाठी, डोंगर त्यांनीही जाळले.) पण शेतात भराव घालायचं त्यांच्या डोक्यातही आलं नसतं. खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीत, तर बांध फुटला किंवा मानशीची (भरतीचं पाणी अडवणाऱ्या मोरीची) दारं बिघडली, की खारं पाणी साऱ्यांच्याच शेतात. तिथे एकट्याचं शेत असं काही नसतंच.

आता एकाने भराव घातला की शेजारच्या तिघांकडे पाणी तुंबतं. मग तेही कंटाळतात, ‘पीक येत नाही’ म्हणतात आणि विकतात. पडीक शेत आपोआप होत नाही हो, ते असं केलं जातं. गंमत म्हणजे मातीमोल हा शब्द आपण अजून स्वस्त या अर्थाने वापरतो. जरा डिचोलीत प्लॉटचा भाव विचारून या!

त्या फोटोखाली मी लिहिलं, ‘ही ओंजळ डोंगराची की शेताची?’

दोन तास झाले. हात जोडलेली एक इमोजी आलीय.