कंपनीचं काय बिघडतं?

जर्मनीतली माणसं प्रामाणिक, म्हणून ती फुकटची गाणी आणि गेम उतरवत नाहीत, असं नाशिकला आलो की कुणी ना कुणी मला ऐकवतंच. यंदाच्या दिवाळीत सिडकोत बहिणीकडे भाऊजींनी ऐकवलं, कारण भाच्याने लॅपटॉपवर क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेला, गेम टाकला होता. भाच्याचं उत्तर तयार होतं: "मामा, चार हजारांचा गेम आहे. एवढ्या मोठ्या कंपनीचं काय बिघडतं?" दोघांनाही माझी साक्ष हवी होती. मला मात्र दोघांचंही म्हणणं अर्धंच पटतं.

प्रामाणिकपणाचं आधी सांगतो. मी श्टुटगार्टला राहतो. इथे टॉरेंट लावायला, म्हणजे इतरांच्या मशीनवरून फुकट फाइल उतरवायला, लोक घाबरतात ते गाण्याचे किंवा गेमचे हक्क असलेल्या कंपनीच्या वकिलाच्या पत्रामुळे. कुठल्या आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), कुठल्या तारखेला, किती वाजून किती मिनिटं आणि किती सेकंदांनी कुठली फाइल शेअर झाली, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. सोबत ‘पुन्हा असं करणार नाही’ असं लिहून द्यायचा मसुदा आणि काही शे युरोंची मागणी. टॉरेंटवर फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे आपल्या मशीनवरून दुसऱ्यांकडे जात असतात, त्यामुळे कायद्याच्या लेखी आपण नुसते घेणारे राहत नाही, वाटणारेही होतो. पत्र येतं ते इंटरनेट ज्याच्या नावावर आहे त्याला. म्हणून नव्या आलेल्या मराठी मुलांना फ्लॅटमधले जुने आधी हे बजावतात आणि मग वायफायचा पासवर्ड देतात. ही जरब आहे. तिला संस्कार म्हणू नये.

कायदा आपल्याकडेही आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63ब आहे. जाणूनबुजून पायरेटेड सॉफ्टवेअर वापरलं तर किमान सात दिवसांची कैद. वापर कमाईसाठी नसेल तर कोर्ट ती टाळू शकतं. ते कलम कॉलेजच्या पोरांवर लावावं असं मला मुळीच वाटत नाही.

किमतीचा मुद्दा भाच्याचा बरोबर आहे. इथे सत्तर युरोंचा गेम म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाची पाच-साडेपाच तासांची कमाई. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत पंधरा हजारांवर लागलेल्या पोराला चार हजार म्हणजे आठ दिवसांचा पगार. ही दरी उपदेशाने भरत नाही. 2015 मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने रुपयांत किमती लावल्या, सेल यायला लागले, तेव्हा माझ्या नाशिकच्या कितीतरी मित्रांनी गेम विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांची नीतिमत्ता रातोरात सुधारली नव्हती, वस्तू हाताला लागेल अशी झाली होती.

पण गाण्यांचं काय? तिथे हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही.

नाशिकमध्ये मोबाइलच्या दुकानांत वर्षानुवर्षं मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह भरून मिळत आलेत. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर फोल्डर ओळीने लावलेले: भक्तिगीतं, लावणी, हळदीची गाणी, अहिराणी डीजे. रिक्षावाले, टेम्पोवाले वीस-पन्नास रुपये देतात आणि हजारभर गाणी घेऊन जातात. दुकानदाराला पैसे मिळतात, कार्डवाल्याला मिळतात, गाणाऱ्याला दमडी मिळत नाही. सिडको, सातपूरमध्ये खानदेशातून आलेली किती घरं आहेत! त्यांच्या अहिराणी गाण्यांमागे बहुतेक वेळा कुठलीही बडी कंपनी नसते. कुणीतरी पदरमोड करून स्टुडिओ घेतलेला असतो, ढोलकीवाल्याला दिवसाचे पैसे दिलेले असतात, आणि गाणं यूट्यूबवर फुकट ऐकायलाही ठेवलेलं असतं. तेच गाणं तिसराच माणूस स्वतःच्या चॅनेलवर चढवतो आणि जाहिरातीचे पैसे खातो. इथे ‘परवडत नाही’ म्हणायला जागाच नाही, कारण कुणी मागितलेलंच नसतं काही.

"पैसे दिले तरी कलाकाराला मिळतात कुठे?" हेही भाचा म्हणाला. एके काळी ते खरं होतं. गीतकार-संगीतकार सगळे हक्क एकदाच लिहून देत आणि पुढे गाणं कितीही वाजो, त्यांना काही मिळत नसे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने ते बदललं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ती बाजू जीव तोडून मांडली होती. सिनेमातल्या गाण्यांच्या रॉयल्टीतला आपला वाटा आता गीतकार-संगीतकारांना निर्मात्याला लिहून देता येत नाही.

जर्मनीतून एकच गोष्ट उचलायची तर मी ती पत्रं उचलणार नाही. इथे फोन, पेन ड्राइव्ह, प्रिंटर यांच्या किमतीतच थोडी रक्कम लेखक-संगीतकारांसाठी धरलेली असते. ती त्यांच्या संस्थांमार्फत वाटली जाते आणि त्या बदल्यात घरगुती वापरासाठी कॉपी करायला मुभा असते. मूळ फाइल उघड उघड चोरीची नसली म्हणजे झालं. माणसं कॉपी करणारच हे धरून चालायचं आणि कलाकाराचा वाटा आधीच बाजूला काढायचा, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे वस्तूंच्या किमतीत असा अधिभार नाही.

तो येईपर्यंत निदान असलेली व्यवस्था तरी वापरू या. गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस 1969 पासून आहे, पण वाटा मिळायला आधी सभासद व्हावं लागतं, गाण्यांची नोंद करावी लागते. खेड्यापाड्यांतल्या किती गीतकारांनी ती केली असेल? नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा एखाद्या कॉलेजने नोंदणीचं शिबिर घ्यावं. फॉर्म भरून द्यायला माझा भाचा आणि त्याचे मित्र बसतील, तो तसं कबूल झालाय. खर्चातला माझा वाटा मी पाठवतो.