वाघोली, हिंजवडी आणि महागणारे अंतर

पुण्याच्या वाढीची चर्चा बहुतेक वेळा वाहतूक कोंडीवर येऊन थांबते. मला त्याहून गंभीर प्रश्न इंधनाचा वाटतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. तरीही शहराच्या कडेच्या वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे येथील वसाहती हे तेल कायम परवडणारच आहे, अशा हिशेबाने उभ्या राहिल्या. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा कुरकुर पुष्कळ झाली, परंतु पूर्वेच्या वाघोलीहून पश्चिमेच्या हिंजवडीतील आयटी कंपन्यांत कामावर जाणाऱ्याला आपले अंतर कमी करणे शक्य नव्हते, कारण ते सदनिकेचा करार करतानाच ठरून गेले होते.

प्रवास हा या खर्चाचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग आहे. नळाचे पाणी पुरत नाही म्हणून टँकर येतो, तो डिझेलवर. ते पाणी बाराव्या मजल्यावर चढते पंपाच्या जोरावर. आणि वीज गेली की लिफ्टसाठी जनरेटर, म्हणजे पुन्हा डिझेलच. इंधन महागले की सोसायटीचा मासिक देखभाल खर्च चहूबाजूंनी वाढतो. विजेवरच्या गाड्यांनी धूर आणि खर्च थोडा कमी होईल, पण राज्याची वीज आजही मुख्यतः कोळशाची आहे आणि गाडी बदलल्याने अंतर घटत नाही.

महापालिकेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत घेतली. (त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळलीही, तो विनोद निराळाच.) हद्द वाढली त्या वेगाने जलवाहिन्या आणि बस मात्र पोहोचल्या नाहीत. मी जुन्या पुण्यातल्या पेठांचे गोडवे गाणार नाही. वाड्यांतली दाटी आणि सामाईक संडास कोणाला परत हवे आहेत? पण तेथे मंडई, शाळा, दवाखाना पायी गाठता येत असे, आणि ओळखी त्या चालण्यातूनच होत. आज गावठाण आणि शेजारचे गृहसंकुल एकाच रस्त्यावर असून परस्परांना अनोळखी आहेत. तेल आणखी महागले तर गावठाणातला किराणा, दूध आणि आठवडे बाजार यांवाचून संकुलाचे चालणार नाही. तेव्हा संकुलाच्या भिंतीत गावठाणाच्या बाजूने एक फाटक आजच उघडायला हवे.

पुण्याभोवतीच्या सुमारे १७० किलोमीटरच्या नियोजित वर्तुळाकार रस्त्यालगत आता नवे प्रकल्प येतील. नळाचे पुरेसे पाणी आणि पायी गाठता येईल असा बसथांबा असल्याखेरीज त्यांपैकी एकालाही भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरे उशिरा मिळतील आणि महागही होतील, हे मला मान्य आहे.