पेपर फुटतो, की कुणी फोडतो?

तैपेईत मी नोकरदार मंडळींना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. परवाचा विषय होता गुपित बाहेर येण्याची क्रियापदं. चिनीत यातल्या बहुतेकांना नेमका शब्द आहे. लीक म्हणजे शिएलोउ. त्यातलं ‘लोउ’ म्हणजे गळणं, छप्पर गळतं तसं. कंपनीनं नियमानुसार माहिती जाहीर केली तर डिस्क्लोज, म्हणजे फीलू. कुणाचं काळं कृत्य उघडकीस आणलं तर एक्स्पोज, म्हणजे जिएलू. अडलं ते ‘स्पिल द बीन्स’पाशी, म्हणजे शब्दशः शेंगादाणे सांडणं, अर्थ गुपित सांगून टाकणं. एकजण म्हणाला, आमच्या ‘लोउशिएन’सारखंच ना? लोउशिएन म्हणजे सारण बाहेर दिसणं, बिंग फुटणं. उकडताना फुटलेला मोदक माझ्या डोळ्यांपुढे आला. पण सारण आपसूक बाहेर येतं, बीन्स कुणीतरी सांडतं. कुणी केलं, मुद्दाम की चुकून, हे क्रियापदातच कळायला हवं, असं मी सांगत होते.

आणि मला आपल्या बातम्या आठवल्या. ‘पेपर फुटला.’ २०२४ च्या नीटनंतर घरच्या प्रत्येक फोनवर हेच वाक्य होतं. जणू हातातून निसटलेलं मडकं! प्रश्न चोरून विकणाऱ्यांना त्या वाक्यात जागाच नाही. याउलट कार्यालयातला गैरव्यवहार कुणी सांगितला, की कर्ता लगेच ठळक होतो: ‘त्यानं आतली माहिती फोडली’, ‘तो फितूर झाला’. चोराला आपण वाक्यातून सोडून देतो आणि प्रामाणिक माणसाला पकडतो. मला हे फार लागतं.

सत्येंद्र दुबे महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. तपासात लुटमारीचं कारण पुढे आलं. पण नाव फुटलं होतं हे खरंच, आणि ते कुणी फोडलं हा प्रश्न उरतोच. आपल्या तळेगाव दाभाड्यात जमिनींचे घोटाळे बाहेर काढणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांना जानेवारी २०१० मध्ये मारलं गेलं.

“तुमच्याकडे व्हिसलब्लोअरला काय म्हणतात?” एकीनं विचारलं. इथे जिएबीचे म्हणतात, गैरप्रकार उघड करणारा. मी फळ्यावर लिहिलं: जागल्या. गाव झोपलेलं असताना राखण करणारा, हाळी देणारा. या शब्दात फितुरीचा वासही नाही. तिनं तो देवनागरीत वहीत उतरवून घेतला आणि विचारलं, “त्याच्यासाठी कायदा आहे?”

तैवानमध्ये असा कायदा अनेक वर्षं रखडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो मंजूर झाला आणि जुलै २०२५ पासून लागूही झाला. आपल्या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर मे २०१४ मध्येच उमटली, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालेली नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा मात्र नीटचा गदारोळ पेटल्यावर २१ जून २०२४ पासून तडक लागू झाला. तेव्हा रस्त्यावर विद्यार्थी होते, पालक होते. जागल्यांसाठी तसं कुणी उतरलेलं मला इथून तरी दिसलेलं नाही.