भागीचं घोडं, बारा व्होल्ट

कराडच्या आमच्या गल्लीत माझ्याविषयी एकच माहिती पक्की आहे, ती म्हणजे याचं अमेरिकेत स्वतःचं विमान आहे. ते 1975 सालचं सेसना 172 आहे, माझ्याहून वयानं मोठं आहे आणि त्यातला माझा वाटा चार आण्यांचा आहे, हे मी दरवेळी सांगतो. तोवर ऐकणारा पुढच्या घरी बातमी द्यायला गेलेला असतो.

एप्रिलमध्ये काका मिनेसोटाला आले. विद्युत मंडळात पस्तीस वर्षं खांबावर चढून निवृत्त झालेला माणूस. शनिवारी सकाळी त्यांना स्वेटरवर जाकीट, जाकिटावर माझं जुनं जाकीट असं बांधून हँगरवर, म्हणजे विमान ठेवायच्या शेडवर नेलं. दार सरकवलं. काकांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली, पंख्याला हात लावून नमस्कार केला आणि शेजारच्या सीटवर बसून पट्टा आवळला.

मी मास्टर स्विच दाबायला हात पुढे केला, तर तो आधीच दाबलेला.

हा लाल खटका म्हणजे आमच्या संसारातला खलनायक. तो दाबला की बॅटरीची वीज विमानभर जाते, आणि एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, आतून 'टक' असं म्हणतो. विमान ठेवून घरी जाताना तो बंद करायचा, एवढंच काम. कोणीतरी ते केलं नव्हतं, आणि आठवडाभर ती बॅटरी अंधारात कोणासाठी तरी जागत बसली होती. मी खटका बंद करून पुन्हा दाबला. 'टक' सुद्धा आलं नाही.

"काय झालं?"

"बॅटरी बसली, काका."

"मग उतरून ढकलू की!"

चौघा भागीदारांच्या ग्रुपवर मी विचारलं, शेवटचं कोणी उडवलं होतं? तिघांनी मेसेज वाचला आणि तिघेही एकदम शांत झाले. भागीचं घोडं किवणानं मेलं, म्हणजे जे सगळ्यांचं ते कोणीच सांभाळत नाही, या म्हणीचं इंग्रजी भाषांतर करून टाकावं असं फार वाटलं, पण किवण म्हणजे काय हे अमेरिकन माणसाला कुठून समजावत बसणार!

इकडे काकांमधला वायरमन जागा झाला होता. इंजिनाला ठिणगी कोण देतं, हा त्यांचा पहिला प्रश्न. मॅग्नेटो, मी म्हणालो. दोन असतात, इंजिन फिरत असलं की आपली वीज आपणच तयार करतात, त्यांना बॅटरीची गरज नाही. बॅटरी लागते ती स्टार्टरला, रेडिओला, दिव्यांना, आणि फ्लॅपना, म्हणजे पंखांमागच्या झडपांना.

"मग हातानं फिरव की पंखा! स्कूटर वाकवून किक मारायचास तसा."

लोक फिरवतातही. पण शिकलेला माणूस लागतो, नाहीतर पंखा हिशेब जागच्या जागी चुकता करतो. शिवाय इंजिन सुरू झालं तरी उपयोग नव्हता. इंजिनावर फिरून विमानाची वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला जागं व्हायलाच बॅटरीकडून थोडा करंट उसना लागतो. भांडवलाला दोन पैसे दिल्याशिवाय हा गडी कमवायला बाहेरच पडत नाही. आणि दुसऱ्याच्या बॅटरीवरून उसनवारी करून उडालोच, आणि वर अल्टरनेटर बिघडला, तर उतरेपर्यंत रेडिओ चालवायचा भार त्या मेलेल्या बॅटरीवर. काकांना हे पटलं. "लोड देऊ नको," म्हणाले.

"मग हितंच चार्जिंगला लाव."

इथे मला खाली मान घालावी लागली. आमच्या हँगरला वीज नाही.

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते नायगारा बघूनही पसरलं नव्हतं. "म्हंजे अमेरिकेत बी हाय की!" रात्री कराडला फोन गेला तो एवढ्याच बातमीसाठी.

बॅटरी काढायची म्हणजे आधी इंजिनाचं वरचं कव्हर उतरवायचं. गारठलेल्या बोटांतून स्क्रू एक एक करून सुटतात आणि जमिनीवर पडतात. आधी निगेटिव्ह तार, मग पॉझिटिव्ह; काकांनी माझ्या मनगटावर नजर ठेवूनच ते करून घेतलं. बाहेर आली ती दहा किलोंची पेटी. ती आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षा बरीच लहान आहे हे बघून काका हिरमुसले. त्यात वर पाणी घालायची झाकणंही नव्हती. दर तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन बॅटरीपुढे बसणं हा त्यांचा कुळाचार. ही सीलबंद असते, उघडायचीच नसते, हे ऐकून त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडाला. गाडीत मात्र गणपती आणावा तशी मांडीवर घेऊन बसले.

गॅरेजमध्ये चार्जर लावला. चार्जर स्मार्ट आहे. इतका, की साफ मेलेली बॅटरी त्याला बॅटरीच वाटत नाही. तो लाल दिवा लावून गप्प बसतो. काकांनी माझ्या गाडीची बॅटरी तिला थोडा वेळ समांतर जोडली, व्होल्ट जरा वर आले आणि चार्जरला ओळख पटली. "साहेबाला आधी वजन दिसावं लागतं," काका म्हणाले.

"नवी गाडीचीच का बसवत नाहीस? ती बी बाराच व्होल्टची."

व्होल्ट तेवढेच, पण विमानाला मंजुरीची बॅटरी लागते, आणि 'विमानाची' हा शब्द लागला की कुठल्याही वस्तूची किंमतही आकाशात उडते. तीन वर्षांपूर्वी एक बॅटरी जानेवारीत गेली. पूर्ण भरलेली असती तर उणे 60 अंशांच्या आसपासपर्यंत गोठली नसती. रिकामी मात्र उणे 7 लाच गोठते. इथला जानेवारी उणे 7 ला उकाडा म्हणतो. पेटी तडकली. नवी मीच बसवली. पायलट मालकाला तेवढी परवानगी असते, फक्त लॉगबुकात काय काम केलं ते, तारीख, सही आणि लायसन्सचा नंबर लिहायचा. "आमच्याकडं फ्यूज बदलला तरी वहीत," काका म्हणाले.

इतकी खोल बसलेली बॅटरी नुसती चार्ज करून भागत नाही. मेकॅनिककडे तिची परीक्षा असते. पूर्ण भरायची, धडधाकट बॅटरी तासभर पुरेल असा ठरलेला लोड लावायचा आणि 10 व्होल्टपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. त्या तासातली 48 मिनिटं, म्हणजे 80 टक्के, त्याखाली नापास. दहावी 35 वर सुटलेल्या काकांना हा अन्याय वाटला. आमची 51 मिनिटं टिकली. काकांनी मेकॅनिकला पेढा दिला.

त्याच रात्री मी ग्रुपवर फतवा काढला. शेपटीवरच्या बीकनचा, म्हणजे लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचा खटका यापुढे कायम चालूच राहील. म्हणजे मास्टर विसरला की शेपटी लुकलुकेल आणि जाणाऱ्याला दिसेल. वर दोन ओळी बेजबाबदारपणाविषयी लिहिल्या. तिघांनीही अंगठा दाखवला.

पुढच्या शनिवारी 'टक' आलं, इंजिन आलं, आणि काकांना मी तासभर तळ्यांवरून फिरवलं. खाली बर्फ वितळत होता. काकांचं लक्ष व्होल्टमीटरवर. संध्याकाळी विमान आत ढकललं, फोटो काढले, दार ओढलं, गाडी सुरू केली.

"आरं," काका मागे वळून म्हणाले, "त्या दाराच्या फटीतनं तांबडं काय लुकलुकतंय?"